कोंबडीच्या पायाखालचं कॅम्प पाच

दहा फूट लांब, दहा फूट रुंद. उल्हासनगरात एवढी उघडी जागा घरामागे शिल्लक असणारा माणूस नशीबवानच म्हणायचा. त्या जागेला चारी बाजूंनी जाळी मारली आणि आत दहा कोंबड्या सोडल्या, असं धरू. शंभर चौरस फूट म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, आणि ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात चांगला पावसाळा अडीच हजार मिलिमीटरच्या आगेमागे पडतो. म्हणजे जून ते सप्टेंबर त्या एवढ्याशा जाळीत तेवीस हजार लिटर पाणी उतरणार. दहा हजार लिटरचे दोन टँकर रिकामे केले तरी तीन हजार लिटर वर उरतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. तसा एखादा दिवस उगवला तर एका दिवसात पावणेनऊ हजार लिटर. त्यात कोंबड्यांचा स्वतःचा वाटा वेगळा. एक कोंबडी रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम विष्ठा टाकते आणि त्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. दहा कोंबड्यांची चार महिन्यांत सव्वाशे-दीडशे किलो झाली.

कोंबड्यांच्या जाळीत खाली काय अंथरायचं, हा प्रश्न कोरड्या मुलुखातली माणसं निवांत बसून चघळू शकतात. वाळू बरी की गवत, मल्चिंग बरं की माती. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये हा प्रश्न पहिल्या जोरदार सरीबरोबर येतो आणि दोन दिवसांत वास मारायला लागतो. माझं मत आधीच सांगून टाकावं हे बरं. वर छप्पर आणि भोवती चर नसेल तर खाली काय टाकलं याला काडीचा अर्थ नाही. पंधरा दिवसांत त्याचा चिखलच होणार. आणि छप्पर असलं, तरी या शहरात हाताशी फुकट मिळणारं बहुतेक सगळं कोंबडीच्या पायाखाली घालण्याच्या लायकीचं नाही. योग्य वस्तू मिळते, पण तिच्यासाठी बदलापूरच्या पलीकडे नजर टाकावी लागते.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या या माळावर लष्कराचा ट्रान्झिट कॅम्प उभा राहिला. सहा हजार सैनिक आणि तीस हजार इतर माणसं मावतील अशा २,१२६ बराकी. मध्ये लांबलचक हॉल, दोन्ही टोकांना खोल्या. युद्ध संपल्यावर कॅम्प ओस पडला आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं त्यात शिरली. ८ ऑगस्ट १९४९ ला चक्रवर्ती राजगोपालाचारींनी त्याला उल्हासनगर हे नाव दिलं, तरी पत्ता सांगताना माणसं अजून कॅम्पचा आणि बराकीचा नंबरच सांगतात. लष्करी शिस्तीने दोन बराकींमध्ये मोकळे पट्टे सोडलेले होते. तेच इथलं परसदार. पुढे त्या पट्ट्यांत वाढीव खोल्या आल्या, मोऱ्या आल्या, शिलाईच्या मशिनी आल्या. २०११ च्या जनगणनेत तेरा चौरस किलोमीटरांच्या या शहरात ५,०६,०९८ माणसं मोजली गेली. सरकारी योजनेचं नाव ‘परसातील कुक्कुटपालन’ असं आहे; इथे परस म्हणजे पाण्याची टाकी, जुनी सायकल आणि शेजाऱ्याची भिंत यांच्यामधली जागा.

तरीही कोंबड्या आहेत. अंबरनाथला टेकलेल्या कॅम्प पाचच्या कडेला, गायकवाड पाडा, प्रेमनगर टेकडी, आशेळे-माणेरेच्या बाजूला सकाळी आरवणं ऐकू येतं. आशेळे-माणेरेसारख्या जुन्या गावांत आगरी घरांतून कोंबडी कधी गेलीच नव्हती. खानदेश-विदर्भातून किंवा कोकणातून आलेल्या कुटुंबांनी गावची सवय बरोबर आणली. कुणाकडे गावठी, कुणाकडे बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली गिरिराज, कुणाकडे हैदराबादच्या संस्थेची वनराजा. आणि काही कोंबड्या चक्क पोरांच्या हट्टातून आलेल्या. स्टेशनबाहेर टोपलीत गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं विकायला येतात ना, ती. ती बहुतेक अंड्यांच्या जातींतले नर. हॅचरीला त्यांचा उपयोग नसतो. त्यातलं एखादं जगलं की घरात अचानक कोंबडा होतो आणि मग जाळीची धावाधाव सुरू होते.

जाळी झाली की गल्लीतून पहिला सल्ला येतो तो फर्निचरवाल्याकडून भुसा आणण्याचा. उल्हासनगरचा फर्निचर बाजार मुंबईपर्यंत प्रसिद्ध आहे. सोफे, कपाटं, पलंग इथून टेम्पो भरून जातात आणि प्रत्येक कारखान्याच्या मागे भुशाचा ढीग असतो. पोतं भरून न्या, पैसे नकोत, उलट जागा रिकामी झाल्याचा त्यांनाच आनंद. कोंबडीपालनाच्या पुस्तकांतही गादीसाठी, म्हणजे कोंबड्यांखाली अंथरायच्या थरासाठी, लाकडाचा भुसा चालतो असं लिहिलेलं असतं. तेव्हा माणूस निर्धास्त होतो.

पुस्तकातला भुसा म्हणजे कोऱ्या लाकडाचा, त्यातही रंध्यातून निघालेली कुरळी पातळ सालपं. आजचं स्वस्त फर्निचर लाकडाचं कमी आणि प्लायवूड, पार्टिकल बोर्ड, एमडीएफचं जास्त. या पाट्या युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या डिंकाने चिकटवलेल्या असतात. करवतीतून पडणारी त्यांची पूड मैद्यासारखी बारीक असते. कोंबडीची श्वसनव्यवस्था आपल्यापेक्षा फार नाजूक. फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या पोटापर्यंत गेलेल्या असतात आणि आत गेलेली धूळ लवकर बाहेर पडत नाही. ती दिवसभर चोच खाली घालून हीच पूड उकरते. ओली झाली की या पुडीची लापशी होते आणि वाळली की ढेप. वर ओल्या भुशात बुरशी धरते ती वेगळीच. तिच्या बीजाणूंनी पिल्लं तोंड उघडून धापा टाकतात. याला अस्परजिलोसिस म्हणतात आणि त्यावर घरगुती इलाज नाही.

लाकूड खरं असलं तरी प्रश्न संपत नाही, कारण लाकडाला वाळवी लागू नये म्हणून काय काय पाजलेलं असतं. इंग्लंडमध्ये एकेकाळी कोंबड्यांच्या मांसाला आणि अंड्यांना कुबट, तळघरासारखा वास येत असल्याच्या तक्रारी होत्या. कारण सापडलं ते गादीत. क्लोरोफेनॉलची प्रक्रिया केलेल्या लाकडाची सालपं खाली अंथरलेली होती. गादीतल्या बुरशीने त्या रसायनाचं क्लोरोअॅनिसोल केलं आणि ते कोंबडीत उतरलं. १९७२ साली ‘नेचर’मध्ये हे छापून आलं. बूच खराब झालेल्या वाइनला जो वास येतो तो याच कुळातला. खाली टाकलेली वस्तू अंड्यापर्यंत पोचते याचा यापेक्षा सरळ पुरावा मला माहीत नाही.

मग भुसा वापरायचाच नाही का? वापरायचा, पण सुताराकडे उभं राहून. सागवान किंवा पाइनच्या फळीवर रंधा मारताना पडणारी सालपं डोळ्यांदेखत पोत्यात भरून घ्यायची. कोपऱ्यातल्या सामायिक ढिगाला हात लावायचा नाही. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन असेल तर फळीवर ठप्पा शोधायचा. परदेशातून येणाऱ्या लाकडी खोक्यांवर आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे शिक्का असतो: ‘एचटी’ म्हणजे नुसतं तापवलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. पहिलं घ्यावं, दुसरं सोडून द्यावं. उल्हासनगरच्या सुताराला हे ठप्पे पाठ असतात, त्यामागचं कारण तो विचारत बसत नाही इतकंच.

फर्निचरनंतर जीन्स. कॅम्प पाचच्या गल्ल्यांत दुपारी चाललं की भिंतीपलीकडून शिलाईच्या मशिनींचा आवाज सतत येत राहतो. ‘वनशक्ती’ संस्थेने उल्हास नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न हरित लवादात नेला, वालधुनीच्या निळ्या-काळ्या पाण्याची बोंब झाली आणि पुढे जीन्स धुण्याचे कारखाने बंद पडले किंवा शहराबाहेर गेले. शिवण मात्र राहिली. शिवण राहिली म्हणजे कातरण राहिलं. डेनिमच्या चिंध्या इथे पोत्याने मिळतात आणि जाड, मऊ, पाणी शोषणारं कापड बघून कुणालाही वाटणार की कोंबड्यांना याहून छान गादी कुठली! खुराड्यात अंडी घालायच्या खोक्यात तर ती हमखास दिसतात.

डेनिम ओलं झालं की ओलंच राहतं, खालची जमीन झाकून कुजत ठेवतं आणि उकरता येत नाही. यापेक्षा वाईट म्हणजे त्याचे सुटे दोरे. कोंबडी चालते तसा दोरा बोटांभोवती गुंडाळतो, वळत जातो, आवळतो. बोट सुजतं, काळं पडतं, एक दिवस गळून पडतं. माणसाला वाटतं उंदराने कुरतडलं. हीच गोष्ट शहरातल्या कबुतरांची. पॅरिसमध्ये संशोधकांनी लंगड्या, बोटं तुटलेल्या कबुतरांची मोजणी केली आणि २०१९ मध्ये दाखवून दिलं की ज्या भागात केस कापायची दुकानं जास्त, तिथे बोटं गमावलेली कबुतरंही जास्त. कापलेले केस आणि दोरे पायात गुंतत होते. पॅरिसमध्ये न्हाव्यांमुळे झालं, इथे शिंप्यांमुळे होईल. ज्याच्या गल्लीत जीन्सचं काम चालतं त्याने आठवड्यातून एकदा प्रत्येक कोंबडी उचलून तिचे पाय बघावेत. दोन मिनिटांचं काम आहे आणि कात्री घरात असतेच.

बाकीच्या पर्यायांवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. हिरवळ लावायचा विचार असेल तर दहा कोंबड्या शंभर फुटांतली हिरवळ महिन्याच्या आत मुळासकट संपवतात. दुकानात मिळणारी प्लास्टिकची हिरवळ त्या टोचून खातात. नदीची वाळू महाग, उपशावर बंधनं, आणि तिच्या जागी मिळणारी खडीची कच टोकदार. तिच्यावर चालून तळपायाला गळू होतं. गावाकडून आणलेला लांब पेंढा ओला झाला की चटईसारखा दबतो. वापरायचाच तर कोयत्याने बोटभर तुकडे करून. रस्त्याकडेला झाडून भरलेला पालापाचोळा फुकट असतो, पण दुभाजकावरच्या कण्हेरीची पानं त्यात असतील तर ती विषारी. बदलापूरच्या बाजूला ज्यांच्या अंगणात आंबा-जांभूळ आहे त्यांनी खुशाल वाळलेली पानं टाकावीत. भौगोलिक मानांकन मिळालेल्या जांभळाची पानं कोंबडीने उकरली तर त्या झाडाचा काही अपमान होत नाही.

कोब्याबद्दल मात्र थोडं थांबावं लागेल. नुसत्या सिमेंटवर कोंबडी ठेवणं क्रूरपणाचं, तिला उकरायला काही उरत नाही आणि पाय बिघडतात. पण कोबा ही गादीखालची जमीन म्हणून उत्तम. उल्हासनगरात घुशी आहेत, मांजराएवढ्या आहेत, आणि त्या खालून पोखरून आत येतात. सांडलेल्या खाद्यावर उंदीर-घुशी वाढल्या की पावसाळ्यात त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका माणसालाही असतो. एका बाजूला उतार ठेवून घातलेला कोबा आणि त्यावर जाड गादी, हे पोल्ट्रीवाले वर्षानुवर्षं करत आलेत ते उगाच नाही.

कोब्याचा दुसरा फायदा असा की तो खालच्या मातीशी संबंध तोडतो. या शहरातली माती कुठून कुठून आली आहे हे सांगणं कठीण. जुन्या रंगाचे पोपडे, बॅटरीच्या दुकानाबाहेरची घाण, डबर, जाळलेल्या वायरी, सगळं तिच्यात मिसळलेलं. म्हारळचं डंपिंग भरल्यावर शहराचा कचरा कॅम्प पाचच्या खडी मशीन परिसरातल्या जुन्या खदाणीकडे येऊ लागला. तिथे आग लागली की धूर कुठल्या दिशेला जातो ते आसपासच्या बायकांना वाळत घातलेल्या कपड्यांवरून कळतं. कोंबडी दिवसभर मातीत चोच मारते, दगड गिळते, किडे खाते. मातीत जे असेल ते अंड्यात येतं. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीमध्ये ५५ घरांच्या परसातल्या कोंबड्या तपासल्या गेल्या. २०२२ मध्ये निष्कर्ष आला की या घरच्या अंड्यांत शिशाचं प्रमाण दुकानातल्या अंड्यांच्या सरासरी चाळीसपट होतं. कारण जुन्या घरांचा रंग आणि पेट्रोलचा धूर, म्हणजे दशकांपूर्वीची घाण. इंडोनेशियात पूर्व जावातल्या त्रोपोदो गावात टोफूचे कारखाने प्लास्टिकचा कचरा जाळून चालत. २०१९ मध्ये तिथल्या मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत डायऑक्सिन इतकं निघालं की आशियात तोवर तपासलेल्या अंड्यांत ते दुसऱ्या क्रमांकाचं होतं. गावठी अंडं म्हणून आपण जास्त पैसे मोजतो ते कोंबडी मोकळी फिरते म्हणून. ती कशावर फिरते, हे विचारायला हरकत नसावी.

ज्याला कोबा परवडत नाही त्याने निदान वरची सहा इंच माती काढून टाकावी, खदाणीचा ताजा मुरूम भरून धुमसून घ्यावा आणि आजूबाजूच्या जमिनीपेक्षा तो वीतभर उंच ठेवावा. उंचीवर मी फार भर देईन. कॅम्प पाचच्या गल्ल्यांत तुंबलेलं पाणी आपल्या जाळीपेक्षा वर राहिलं तर छपराचाही उपयोग नाही.

कोंबडीला पायाखाली हवं तरी काय असतं? ती मूळची जंगलाच्या जमिनीवरची. बांबूच्या आणि झुडपांच्या सावलीत पडलेला पाला उकरून खाणारी. आपल्या पाळीव कोंबडीची मुख्य पूर्वज तांबडी रानकोंबडी, पण सह्याद्रीतल्या राखी रानकोंबडीचाही तिच्यात अंश आहे. २००८ मध्ये स्वीडनच्या उप्साला इथल्या संशोधकांनी दाखवलं की पाळीव कोंबड्यांचे पिवळे पाय ज्या जनुकामुळे होतात तो राखी रानकोंबडीकडून आला आहे. बारवीच्या आणि माथेरानच्या जंगलात पहाटे जी ओरडते तिचाच वारसा खुराड्यातल्या कोंबडीच्या पायांवर दिसतो. तिला कोरडा, हलका, उकरता येण्याजोगा, खाली किडे-अळ्या धरणारा थर लागतो आणि एका कोपऱ्यात अंगावर उडवून घ्यायला बारीक धूळ. चुलीची राख मिसळलेली माती असेल तर उवा-पिसवांचाही बंदोबस्त होतो. गादी म्हणजे या जंगलाच्या जमिनीची नक्कल.

आपल्या राज्यात ही नक्कल कशाची करायची हे पिकावरून ठरतं. जिथे भुईमूग तिथे शेंगांची टरफलं, जिथे ऊस तिथे बगॅस, सिंधुदुर्गात काथ्याचा भुसा. टरफलं आणि बगॅस दोन्ही ओलं झालं की बुरशीला लवकर बळी पडतात, म्हणून कोकणच्या पावसात त्यांच्या वाटेला जाऊ नये. ठाणे आणि रायगडचं पीक भात. भाताच्या वजनात वीस टक्के तूस असतं. शंभर किलो भात गिरणीत घातलं की वीस किलो तूस बाहेर पडतं. वांगणी, नेरळ, कर्जत, मुरबाडच्या भातगिरण्यांच्या मागे त्याचे ढीग लागतात. तुसात सिलिका भरपूर, त्यामुळे ते लवकर कुजत नाही. ते लाकडाच्या सालपांइतकं पाणी शोषत नाही हे खरं, पण वारा लागला की चटकन सुकतं आणि त्याची ढेप होत नाही. कोंबडीला ते खाण्यात रस नसतो. दाण्याच्या आशेने ती दिवसभर ते वरखाली करत राहते आणि आपलं कामच करून टाकते. इथल्या परसात अंथरायला याहून चांगलं मला काही दिसत नाही.

अडचण पुरवठ्याची आहे. तूस फक्त कोंबड्यांनाच लागतं असं नाही. कल्याण, अंबरनाथ, बदलापूरच्या वीटभट्ट्यांना ते हवं असतं, बॉयलरवाल्यांना हवं असतं. भात कापणीनंतर दिवाळीपासून गिरण्यांत तूस येऊ लागतं आणि त्याच सुमाराला भट्ट्याही पेटतात. जुलैत जाळीत चिखल झाल्यावर तूस शोधायला निघणाऱ्याला ते मिळत नाही, मिळालं तर गिरणीच्या पत्र्याखाली भिजलेलं मिळतं. पापड, कोकम, सुकी मासळी यांची आगोट जशी मे महिन्यात भरतात तशी तुसाचीही भरावी. शंभर फुटांना चार इंच जाडीचा थर म्हणजे तेहतीस घनफूट तूस, शिवाय अधूनमधून भर घालायला निम्मं. ही पोती घरात कुठे ठेवायची हा प्रश्न बराकीतल्या बाईला विचारू नये, ती ठेवते.

आता गादीचं शास्त्र. जुनी गादी दर आठवड्याला काढून नवी घालणं म्हणजे स्वच्छता, असं जगभर मानलं जायचं. अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या कृषी संशोधन केंद्रात केनार्ड आणि चेंबरलिन यांनी १९४० च्या दशकात उलटं करून पाहिलं. गादी काढायची नाही, वर भर घालत राहायचं, उकरत राहायचं, चुना मिसळायचा. आधीच्या तीन वर्षांत पिल्लांमधली मर १९ टक्के होती. जुन्या गादीवर पुढच्या तीन वर्षांत ती ७ टक्क्यांवर आली. दर खेपेला येणारी रक्ती हगवण जवळपास दिसेनाशी झाली. जिवंत, मुरलेल्या गादीत सूक्ष्मजीवांची अशी गर्दी होते की रोगजंतूंना जागा उरत नाही. विष्ठेतला नायट्रोजन आणि तुसा-भुशातला कार्बन एकमेकांना धरून बसतात, वास येत नाही. कार्बन कमी पडला किंवा पाणी जास्त झालं की तोच नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो. डोळे चुरचुरायला लागले तर समजावं की कोंबडीला हे कालपासून होतंय. तिचं नाक जमिनीपासून एका वितीवर असतं.

ओहायोत अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडत नाही, हे मात्र लक्षात ठेवावं. रक्ती हगवणीच्या जंतूचं अंडं विष्ठेतून बाहेर पडतं तेव्हा लगेच रोग देत नाही. त्याला ओल, हवा आणि पंचवीस-तीस अंश तापमान मिळालं की दिवस-दोन दिवसांत ते तयार होतं. जुलैतलं उल्हासनगर म्हणजे नेमकं हेच. फिनाइलने ते मरत नाही, कोरडेपणाने मरतं. म्हणून इथे गादी मुरवण्यापेक्षा ती सुकी ठेवणं महत्त्वाचं. मूठभर तूस हातात घेऊन आवळावं. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, हळूच फुटला तर बरोबर, नुसती धूळ उडाली तर फारच कोरडं. गोळा राहिला तर ओली जागा फावड्याने काढून टाकायची, बाकीचं उकरायचं, विरलेला चुना भुरभुरायचा आणि वर नवं तूस. पाण्याचं भांडं विटेवर ठेवायचं, त्याच्याभोवतीच सगळ्यात जास्त चिखल होतो. पत्र्याची वळचण जाळीच्या बाहेर दोन फूट काढायची आणि पावसाच्या बाजूला ताडपत्री. ताडपत्री चारी बाजूंनी लावणाऱ्यांची गादी आतल्या वाफेनेच भिजते. दोन बाजू वाऱ्याला मोकळ्या हव्यातच.

लहान पिल्लं असतील तर पहिले काही दिवस तुसावर वर्तमानपत्र अंथरायची पद्धत आहे, कारण दाणा कुठला आणि तूस कुठलं हे त्यांना कळत नाही. गुळगुळीत कागदावर त्यांचे पाय घसरून फाकतात आणि मग ते सरळ होत नाहीत. त्याऐवजी नळीदार पुठ्ठ्याची खरखरीत बाजू वर करून टाकावी. फर्निचरच्या पॅकिंगचे पुठ्ठे गल्लीत हवे तेवढे पडलेले असतात. या शहराच्या कचऱ्यातली एवढी एक गोष्ट मी पूर्ण समाधानाने सुचवू शकतो.

या सगळ्यात पंचांगही येतं. आषाढ अमावास्येला, गटारीला, जाळ्या रिकाम्या होतात. नंतर श्रावण. त्याच सुमाराला सिंधी घरांत चालिहो असतो, चाळीस दिवसांचं व्रत. कॅम्प पाचच्या चालिया मंदिरात तेव्हा रोज गर्दी. म्हणजे मराठी आणि सिंधी दोन्ही बाजूंनी मागणी आटते आणि वाचलेल्या कोंबड्या, त्यांच्या नव्या पिल्लांसह, पावसाचे सगळ्यात ओले आठवडे जाळीतच काढतात. गादीवर पक्षीनिहाय दीड ते दोन चौरस फूट जागा पुरते असं पोल्ट्रीवाले मानतात, पण ते बंदिस्त, कोरड्या शेडचं गणित आहे. उघड्या जाळीला निदान पाच-सहा धरावेत. गटारीला दोन जास्त गेल्या तर राहिलेल्यांची श्रावणातली सोय होते, हे कुणी बोलून दाखवत नाही, करतात सगळे.

कोरडी गादी सगळ्या रोगांवर उपाय नाही. मानमोडी लस दिल्याशिवाय टळत नाही, आणि बर्ड फ्लूपुढे परसातल्या माणसाचं काहीच चालत नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला देशात पहिल्यांदा तो सापडला. २०२२ च्या फेब्रुवारीत तो आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीला आला आणि आसपासच्या हजारो कोंबड्या माराव्या लागल्या. अशा वेळी पक्ष्यांबरोबर अंडी, खाद्य आणि गादीही नष्ट करतात, कारण विषाणू विष्ठेत आणि ओल्या तुसात टिकतो. त्यामुळे दुसऱ्याच्या शेडमधली वापरलेली गादी ‘मुरलेली आहे, चांगली आहे’ म्हणून कधीही आणू नये. ओहायोचा धडा स्वतःच्या गादीपुरता आहे.

दसऱ्याच्या सुमारास ऊन पडलं की गादी काढतात. पावसाळ्यात भर घालून घालून ती चांगली जाड झालेली असते, खालचा थर काळसर, भुसभुशीत, वास असलाच तर मातीचा. ताजी गादी सरळ कुंडीत घातली तर गुलाब जळतो. पोत्यांखाली झाकून, मधे एकदा पालटून दोन-तीन महिने ठेवावी लागते. तुसातल्या सिलिकामुळे ती पूर्ण कुजत नाही, पण चिकट मातीला मोकळं करायला तेच उपयोगी पडतं. बदलापूरच्या बाजूचे रोपवाटिकावाले आणि भाजीवाले असं खत ओळखतात. फक्त त्यांना आधी सांगावं लागतं की यात प्लायवूडची पूड नाही आणि डेनिमही नाही. कॅम्पचं खत म्हटल्यावर ते पोत्यात हात घालून बघतातच.